बाग, थंडी आणि भरपगारी रजा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला ‘बागेचे ऋतू’ हा विषय सुचविला, तेव्हा आमच्या संघटनेच्या कचेरीत बराच हशा पिकला. कामगार संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर संपावर बोलावे. गुलाबाच्या छाटणीवर तो काय बोलणार, असे आमच्याच सहकाऱ्यांना वाटले. एकाने तर विचारले, “दादा, आता मागणीपत्रात शेवंतीही घालायची का?” आम्ही म्हटले, घालायला हरकत नाही. कारण बागेला माती लागते, पाणी लागते, ऊन लागते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिला सर्वांत आधी लागतो तो मोकळा वेळ, आणि तो मिळविण्याचाच आमचा धंदा आहे.

आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर झाले. झाडांविषयी जे काही कळले, ते थोडे अशा पुस्तकांतून, थोडे माळ्यांकडून आणि बरेचसे लालबागच्या चाळीतल्या एका कठड्यावरून. आमचे वडील गिरणीत साचे खात्यात होते. घरात माणसे सात आणि खोली एक. तरी गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेले सहा डबे त्यांनी सांभाळले होते. दोन रॉकेलचे, बाकीचे डालड्याचे. एकात तुळस, एकात मोगरा, एकात गावठी गुलाब, एकात ओवा आणि दोन डब्यांत शेवंती.

या दोन शेवंत्यांची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. दोन्ही एकाच झाडाच्या फुटव्यापासून केलेल्या. माती तीच, पाणी तेच. पण एक डबा गॅलरीच्या अंधाऱ्या टोकाला होता आणि दुसरा बरोबर चाळीच्या दिव्याखाली. टोकाची शेवंती दरवर्षी दिवाळीनंतर पिवळी धमक व्हायची. दिव्याखालची मात्र नुसती पानांनी माजायची. तिला कळी म्हणून धरायची नाही. आईने तिची दृष्ट काढली. वडिलांनी खत बदलून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

पुढे विशी ओलांडल्यावर वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात आम्हांला याचे उत्तर सापडले. शेवंती रात्र मोजते. पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले, सलग अंधाराचे तास वाढले, म्हणजे फुलण्याची वेळ आली हे तिला कळते आणि ती कळ्या धरते. रात्रभर दिवा जळत राहिला, तर तिच्या हिशेबी ती लांब रात्र कधी येतच नाही. फुलांचे मळे करणारे लोक याच गुणाचा उपयोग करून घेतात; फूल लांबवायचे असेल तर रात्री दिवे लावतात, लवकर हवे असेल तर संध्याकाळी काळे कापड झाकतात. ज्यांची शेवंती केवळ पाने देते त्यांनी रात्री एकदा गॅलरीत जाऊन पाहावे. रस्त्यावरचा दिवा तिच्या डोक्यावर तर नाही ना? तसे असेल तर कुंडी चार हात सरकवावी. ऑक्टोबरात सरकविली तर त्याच हंगामात फळ दिसते. रातपाळीवर वर्षानुवर्षे काढलेल्या माणसांना हे सांगितले, की ते हसतात आणि मग जरा वेळ गप्प बसतात, असा आमचा अनुभव आहे.

आपल्याकडे बागेची पुस्तके बहुधा साहेबांच्या देशावरून घेतलेली असतात, आणि त्यांत हिवाळा म्हणजे झाडे झाकून ठेवण्याचा काळ असतो. महाराष्ट्रात तसे नाही. आपल्या बागेचे खरे वर्ष दसऱ्याला सुरू होते. पाऊस थांबलेला असतो, मातीत ओल असते, ऊन सोसवते, आणि कीड पावसाळ्याच्या मानाने कमी. पेट्युनिया, फ्लॉक्स, अॅस्टर, पॅन्सी यांसारख्या हंगामी फुलांची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकली की डिसेंबरपासून होळीपर्यंत वाफे फुललेले राहतात. शहरातली मोठी पुष्पप्रदर्शनेही याच दिवसांत भरतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीच्या अखेरीस असते, मुंबईच्या राणीच्या बागेतले त्याच सुमारास किंवा थोडे पुढे. ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांनी आवर्जून जावे आणि बक्षीस मिळालेल्या फुलांबरोबर त्यांच्यामागे बाकावर बसलेल्या माळ्यांशीही दोन शब्द बोलावे. पुस्तकात नसलेले तिथे कळते.

गुलाबाचेच पाहा. पाऊस गेल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यास, गुलाब छाटावा. नवशिक्याचा हात इथे धजत नाही. हिरवीगार फांदी कापताना जीव तुटतो. पण गुलाबाला चांगले फूल नव्या फुटीवर येते. वाळक्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात, बाकीच्या हात-दीड हात ठेवून कापाव्यात. काप तिरपा असावा आणि तो बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर घ्यावा. म्हणजे नवी फूट बाहेर जाते आणि झाडाचे पोट मोकळे राहते. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण सहा-सात आठवडे लागतात. प्रदर्शनवाले माळी तारखेपासून उलटे दिवस मोजून कात्री चालवितात, ती यासाठीच. आणखी एक गोष्ट. कलमी गुलाबाला डोळा भरलेल्या जागेच्या खालून जोमदार, सरळसोट धुमारा येतो. तो पाहून मालक खूष होतो. पण तो धुमारा खालच्या रानटी खुंटाचा असतो. वरच्या गुलाबाचे अन्न तो खातो आणि फूल देतो ते भलतेच. तो मुळाशी उपटून टाकावा. आमच्या धंद्यातही असे जोमदार धुमारे आम्ही पाहिले आहेत, पण तो विषय वेगळा.

थंडीत झाडे मरतात ती बहुधा थंडीने मरत नाहीत, पाण्याने मरतात. थंडीत झाडाची वाढ मंदावते, उन्हाचा जोर कमी असतो, कुंडीतले पाणी लवकर उडत नाही. आपण मात्र मे महिन्यातल्याच मापाने तांब्या ओततो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पाने पिवळी पडतात. पाने पिवळी दिसली की आपल्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून आणखी ओततो. तुळस याला सर्वांत जास्त बळी पडते, कारण तिला रोज पाणी घालणे हा घरोघरीचा नेम आहे. नेम मोडा असे आम्ही कुणाला सांगणार नाही. पण थंडीत तांब्याऐवजी पळीने घातले तरी देवाला चालते. तिच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडाव्यात, बी धरू देऊ नये, आणि कुंडी सकाळच्या उन्हात ठेवावी. इतर कुंड्यांसाठी साधी कसोटी अशी, की बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. द्यायचे ते सकाळी द्यावे. संध्याकाळी पाने भिजली की रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयते घर मिळते.

थंडीतला गुलाबाचा दुसरा शत्रू म्हणजे भुरी. दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गारवा पडू लागला की कोवळ्या पानांवर पिठासारखा पांढरा थर दिसतो, पाने मुडपतात. पहिली पाने दिसताच ती तोडून दूर टाकावीत. कुंडीतच टाकू नयेत. झाडे दाटीवाटीने ठेवू नयेत, त्यांच्यामधून वारा खेळला पाहिजे. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. तो साबणाच्या पातळ पाण्याने धुऊन काढता येतो. खत म्हणाल तर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढे घरच्या बागेला पुरते. चहाचा चोथा घालायचा तर साखर-दूध धुऊन, वाळवून घालावा. नाहीतर मुंग्यांचे संमेलन भरते.

आता मोगरा. सगळ्या वनस्पतिशास्त्रात आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट मोगऱ्याने शिकविली. पुष्कळ लोक तक्रार करतात, की मोगरा हिरवागार आहे, पण फूल नाही. याचे कारण त्याला विसावा मिळालेला नसतो. जमिनीतल्या मोगऱ्याचे पाणी नोव्हेंबरच्या अखेरीपासून तोडतात. शेतकरी याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी होऊन गळू लागतात, झाड मेल्यासारखे दिसते. जानेवारीच्या अखेरीस ते गुडघ्याइतके छाटतात, राहिलेली पाने काढतात, मुळाशी खत देतात आणि मग भरपूर पाणी सोडतात. त्या पाण्याबरोबर जी फूट येते ती कळ्या घेऊनच येते, आणि मार्चपासून घर दरवळते. कुंडीतल्या मोगऱ्याला इतका कडक ताण सोसवत नाही, कारण माती थोडी. त्याचे पाणी एकदम बंद न करता आठवड्यातून एकदोनदा इतके कमी करावे. डाळिंबाचे, संत्र्याचे, लिंबाचे बागाईतदार हेच शास्त्र मोठ्या प्रमाणावर चालवितात. फुले कोणत्या मोसमात आणायची त्याप्रमाणे आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार अशी नावे आहेत, आणि बहार धरायचा म्हणजे आधी ताण द्यायचा हे त्यांचे पहिले सूत्र. आंब्यालाही मोहरासाठी थंडीचे गार दिवस लागतात. कोकणात थंडी लांबली की बागाईतदाराच्या कपाळाला आठी पडते. बारा महिने चोवीस तास हिरवे राहणारे झाड आणि बारा महिने चोवीस तास चालणारा कारखाना या दोन्हींची हौस ज्यांना असते, त्यांनी मोगऱ्याच्या या दोन महिन्यांचा हिशेब जरूर मांडून पाहावा.

इथून आम्ही आमच्या मूळ विषयाकडे येतो, म्हणजे सुट्टीकडे.

मुंबईची राणीची बाग लोकांसाठी उघडली ती १८६२ साली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पिंजऱ्यांकडे पळणाऱ्या गर्दीला कल्पना नसते, पण तिथे अडीचशेहून अधिक जातींची झाडे आहेत; जाड बुंध्याची गोरखचिंच आहे, खोडावरच फुलणारा कैलासपती आहे, लाल-पिवळ्या झुंबरांनी लटकणारी उर्वशी आहे. बाग उघडली खरी, पण शेजारच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाने ती पाहायची केव्हा? सूर्य उगवण्यापूर्वी तो आत जायचा आणि मावळल्यावर बाहेर पडायचा; आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या प्रमुख होत्या. पुढची सहा वर्षे ‘दीनबंधू’ पत्रातून आणि सभांतून त्यांनी तो धोशा सोडला नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे बाग उघडल्यापासून तिच्या शेजाऱ्याला ती दिवसाउजेडी पाहायला मिळेपर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. राणीच्या बागेत रविवारी पोराला खांद्यावर घेऊन हिंडणारा माणूस आम्हांला दिसतो, तेव्हा तिकीट त्याने फाटकावर काढलेले असले तरी त्याची खरी किंमत कुणीतरी आधीच चुकती केली आहे, हे आमच्या मनात येते.

आठवड्याच्या सुट्टीत बाग होते. डोंगर होत नाही. त्याला रजा लागते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. ती तीन हप्त्यांत घेता येई, पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागे, आणि न घेतलेल्या रजेपैकी तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षी नेता येई. मात्र रीतसर मागितलेली आणि नाकारलेली रजा कितीही साचली तरी बुडत नसे. हे कलम फार थोड्यांनी वाचलेले असे. संसदेने २०२० साली केलेली नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली आहे. वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण कायम आहे. वाचकांपैकी जे नोकरीत असतील त्यांनी आपली किती रजा शिल्लक आहे हे आजच विचारून घ्यावे. आमच्या पाहण्यातले निम्मे लोक रजा विकतात. घराचे हप्ते, मुलांच्या फिया. त्यांना दोष कसा देणार? पण विकलेल्या रजेचे पैसे पुढच्या महिन्यात कुठे गेले हे कुणाला आठवत नाही, आणि घेतलेल्या रजेतले चार दिवस वीस वर्षांनीही आठवतात, एवढे आम्ही पाहिले आहे.

एका कारखान्याची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. त्याच्या दाराशी अर्ध्या एकराची हिरवळ होती, आणि कारंजे, आणि थंडीत डेलियाचे असे वाफे की रस्त्याने जाणारे थांबून पाहत. पाहुणे आले की व्यवस्थापक त्यांना आधी ती बाग दाखवीत. ती बाग ज्याच्या हातची होती तो माळी कंत्राटदाराकडे चौदा वर्षे होता. या चौदा वर्षांत कंत्राटदाराचे नाव चार वेळा बदलले, आणि दर वेळी माळी कागदावर नव्याने कामाला लागला. त्यामुळे त्याचे दिवस कधी भरतच नसत. करार करताना आम्ही बागेच्या तिघा कामगारांची मागणी धरून बसलो, तेव्हा समोरच्या बाजूने प्रश्न आला, “हिरवळ म्हणजे काय उत्पादन आहे का?” आम्ही म्हटले, नसेल तर पाहुण्यांना दाखविता कशाला? पुष्कळ ताणाताणीनंतर जुनी नोकरी धरून रजा मिळाली. माळ्याने पहिल्या भरपगारी रजेचे काय केले असेल? तो बायकोला घेऊन माथेरानला गेला. परत आल्यावर आम्ही विचारले, काय पाहिलेत? म्हणाला, “साहेबांच्या बागेत झाड वाढलं की कापायला लागतं. तिथं कुणी कापत नाही.”

माथेरान पाहावे ते या दृष्टीनेच. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरचे हे पठार १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस आले, असे इतिहासात लिहितात. तिथल्या ठाकर-कातकऱ्यांच्या नजरेस ते त्याआधीही होते, हे लिहीत नाहीत. नेरळहून वर जाणारी एकवीस किलोमीटरची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. पुढे पाय, घोडा किंवा गाडी. लाल जांभ्याची वाट, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी. अंजनी मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलते. पानाआड फांद्यांना चिकटलेले निळे-जांभळे झुबके एवढे दाट असतात, की फांदीला कुणी शाई फासली असे वाटावे. बहुतेक पर्यटक मे महिन्यात जातात आणि हे चुकवतात. भावही तेव्हा दुप्पट असतात. आमचा सल्ला असा, की रजा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काढावी, आडवारी जावे, सामान थोडे न्यावे आणि चालावे.

सामान थोडे न्यावे असे म्हणण्याला कारण आहे. माथेरानला माणसाने माणूस ओढायच्या हातरिक्षा होत्या. पुढे एक आणि मागे दोघे असे चढावर त्या रेटीत नेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला, आणि ओढणाऱ्यांची भाकर जाऊ नये म्हणून त्यांना ई-रिक्षा पुरविण्याची योजना करण्यास सरकारला सांगितले. ई-रिक्षांचा प्रयोग तिथे २०२२ अखेरपासून झालेला होता. हा निकाल आम्ही दोनदा वाचला. प्रथा बंद करणे हे अर्धे काम. ई-रिक्षा ज्याच्या नावावर होते तो पूर्वी ओढणाराच आहे की दुसराच कुणी, यावर उरलेले अर्धे अवलंबून आहे. तिकडे जाणाऱ्या वाचकांनी बसण्यापूर्वी चालकाला सहज विचारावे, गाडी कुणाची? अशा प्रश्नाने कुणाचे बिघडत नाही.

महाबळेश्वरविषयी थोडक्यात. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, त्यामुळे तिथले थंड हवेचे ठिकाण आम्ही पर्यटक म्हणून पुष्कळ उशिरा पाहिले. आधी पाहिले ते मावशीबरोबर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपे लावतात, थंडी धरली की फळे सुरू होतात आणि एप्रिलपर्यंत चालतात. फळ तोडायचे पहाटेच्या गारव्यात, देठ ठेवून, न दाबता. ऊन चढले की ते मऊ पडते आणि वाटेत नासते. दिवसभर वाकून हे करणाऱ्या बहुतेक बायका असतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाचगणीजवळच्या भिलार गावात मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव वसले आहे; गावकऱ्यांच्या घरांत कपाटे मांडलेली, कुणीही यावे, ओसरीवर बसून मराठी पुस्तक वाचावे. ज्याचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले, त्याला समोर स्ट्रॉबेरीचे वाफे आणि हातात पुस्तक याहून मोठे विश्रामधाम कुणी दाखवावे? कारंजी आणि पोहण्याचे तलाव असलेली महागडी विश्रामगृहे त्या परिसरात पुष्कळ आहेत; तिथेही हवा तीच मिळते.

राहता राहिला एक व्यवहाराचा प्रश्न, आणि तो आम्हांला सर्वांत जास्त विचारला जातो. आम्ही रजेवर गेलो तर कुंड्यांचे काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत जितकी झाडे मरतात तितकी साऱ्या वर्षात मरत नाहीत. उपाय सोपे आहेत. निघण्यापूर्वी सगळ्या कुंड्या उन्हातून काढून सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. एकीची ओल दुसरीला मिळते. थंडीत भुरीसाठी आम्ही सुटे ठेवा म्हणालो आणि इथे चिकटवा म्हणतो, यात विसंगती नाही. कोरड्या उन्हाळ्यात, आणि चारच दिवसांसाठी, हे चालते. मातीवर वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात. बादलीभर पाणी उंचावर ठेवून सुती चिंधीचे एक टोक बादलीत आणि दुसरे कुंडीच्या मातीत खोचले, तर चिंधीतून थेंबथेंब पाणी उतरत राहते. आधी दोन दिवस घरी असतानाच करून पाहावे, कारण चिंधी जाड-बारीक असेल तसा पाण्याचा वेग बदलतो. कुंडीखाली ताटली भरून ठेवणे मात्र एकदोन दिवसांपलीकडे बरे नाही. मुळेही कुजतात आणि डासही होतात. आठवड्याहून अधिक जायचे असेल तर एकच खात्रीचा उपाय, शेजारी.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. त्या थंडीत वडील प्रथमच दिवसभर घरी दिसले. सभेला जायचे, परत यायचे, आणि उरलेला वेळ डब्यांपाशी. गुलाब त्या वर्षी जसा फुलला तसा कधी फुलला नव्हता; घरात मात्र डाळ मोजून शिजत होती. मोगऱ्याला त्यांनी त्या जानेवारीत प्रथमच वेळेवर छाटले, कारण प्रथमच त्यांना वेळ होता. पावसाळ्याच्या तोंडाशी आई आम्हां भावंडांना घेऊन गावी गेली, आणि वर्षभराने वडीलही आले. निघताना डबे शेजारच्या काकूंच्या कठड्याला बांधून आले, असे त्यांनी आईला सांगितले. त्याविषयी पुढे ते काही बोलले नाहीत. गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही.

१९८८ साली आम्ही कामाच्या शोधात मुंबईला परतलो आणि पहिल्याच रविवारी चाळीत गेलो. पाच डबे गंजून गेले होते, टाकून दिलेले. सहावा तारेने तसाच बांधलेला होता. बूड गंजून फुटले होते, म्हणून काकूंनी त्याखाली रंगाच्या डब्याचे झाकण घातले होते. मार्च महिना होता. मोगऱ्यावर अकरा कळ्या होत्या, आम्ही मोजल्या. काकू आतून आल्या, आम्हांला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, “थंडीत पाणी कमी घाला म्हणून तुझ्या बाबांनी सांगितलं होतं. तसंच घालते. ते बरे आहेत ना?”